आईचा डोळा आणि पौंडाचा भाव

मला लोक सज्जन समजतात. मीही त्यांना समजू देतो. वय झालं की माणसाला फुकटात मिळणारा हा एक मान असतो, तो कशाला नाकारा?

माझा थोरला भाऊ विलायतेत एका कारखान्यात होता. रुपया घसरला त्याच्या आदल्या हिवाळ्यात तो नागपूरला आला आणि जाताना पौंडांच्या नोटांचं पाकीट माझ्या हाती ठेवून गेला. पैसे आईच्या ऑपरेशनचे होते. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला आणि उजव्यात आता मोतीबिंदू. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. त्या काळी तशीच पद्धत होती.

"तोपर्यंत ठेव तुह्याजवळ," भाऊ म्हणाला. "डॉक्टर म्हणतीन तेव्हा मोडजो."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी पेपरात आलं की सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. सगळं गाव सरकारला शिव्या घालत होतं आणि मी मनात हसत होतो. बोटही न हलवता माझ्याजवळच्या नोटांना जवळजवळ दीडपट भाव आला होता. जणू काही रुपया मीच पाडला! नागपूरबाहेर वाडीच्या ज्या ट्रान्सपोर्ट गोदामात मी कारकून होतो, तिथल्या चहाच्या टपरीवर मी ट्रक ड्रायव्हरांना चलनाचं शास्त्र शिकवू लागलो. बिचारे ऐकून घेत, कारण त्यांच्या पावत्या माझ्या हातात होत्या.

इतवारीतला एक कापडवाला अशा नोटा गुपचूप घेत असे. दर शनिवारी मी त्याच्याकडे भाव विचारायला जायचो. मनाशी एक आकडा ठरवला होता, तो आला की विकायचं. आकडा आला. मी विकलं नाही, आकडा वाढवला. तोही आला, तेव्हा वाटलं, रुपया एकदा पडला तसा पुन्हा पडेल, मग घाई कशाला? याला मी धीर म्हणत होतो. ती निव्वळ हाव होती.

त्या हिवाळ्यात आईला पुन्हा दाखवायला नेलं. डॉक्टरांनी डोळा तपासला, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, "आता तयार आहे. या महिन्यात करून टाका. जास्त पिकला तर डोळा हातचा जाईल."

बाहेर आलो. आईनं विचारलं, "काय म्हणून राहिले गा डॉक्टर?"

"अजून पिकला नाही म्हणतात. थांबा म्हणे."

हे मी धंतोलीच्या भर रस्त्यावर, तिचा हात हातात धरून बोललो. जीभ जराही अडखळली नाही. महिना-दोन महिन्यांनी काय बिघडतं, असं वाटलं होतं. त्याचं वर्ष झालं.

त्या वर्षात आई तांदूळ बोटांनी चाचपून निवडायला शिकली. भावाच्या पत्राला स्वतःच्या हातानं उत्तर लिहायची, ते थांबलं. एकदा म्हणाली, "पिकत काहून नाही गा हा?"

"एखाद्याले वेळ लागते, वं आई," मी म्हणालो.

मग दिवाळीनंतर इंग्लंडनं स्वतःच पौंडाची किंमत उतरवली. कापडवाला म्हणाला, "बाबूजी, आजच काढून टाका. काहून अडून राहिले?" मला वाटलं, हा मला लुबाडायला बसला आहे. मला जुनाच भाव हवा होता. तो परत येईल म्हणून मी आणखी दोन महिने बसून राहिलो.

संक्रांतीच्या सुमारास आईचा डोळा लालबुंद झाला. डोकं धरून ती वांत्या करू लागली. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि ते माझ्यावर कडाडले, "मी तुम्हाला गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं ना?"

या वेळी आई खोलीतच होती. तिनं मान माझ्या दिशेनं वळवली.

नोटा दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावात विकल्या. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, नजर काही आली नाही.

महिन्याभरानं आईनं मला कागद-पेन घेऊन बसवलं. भावाला कळवायचं होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ऑपरेशन उशिरा झालं, माझं नशीब, तू वाईट वाटून घेऊ नको. मग थोडी थांबून म्हणाली, "लिही. धाकट्यानं माह्यासाठी काही कमी केलं नाही."

माझा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना, आजही कळलेलं नाही.

"लिहिलं?"

"हो."

"मंग वाचून दाखव."

मी वाचलं.

"तेवढंच आणखी एकदा वाच गा," आई म्हणाली.