ओंजळीतली वाईन

“ओंजळ धर,” साहेब म्हणाले.

मी धरली. विचारसुद्धा केला नाही. हातांना लहानपणापासून तेच वळण. गावच्या विहिरीवर ताटकळायचं, कुणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतणार, आपण ओंजळीनं प्यायचं. आजोबा ख्रिस्ती झाले, आमची नावं बदलली, ओंजळ तीच राहिली. त्या रविवारी भर दुपारी साहेबांच्या बंगल्यात वरून वाईन आली. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. टेबलाभोवतीचे तिघंही हसले.

दुष्काळ होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. मी साखर कारखान्यात, मळीपासून दारू गाळतात तिथल्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला होते. हंगामी. हे साहेब तिथले केमिस्ट. कायम करतो म्हणाले होते. त्या एका शब्दावर आम्ही मायलेकी दिवस काढत होतो.

एकदा धुवायला आलेली बाटली हुंगून मी सहज म्हणाले, “हिला जांभळाच्या बियांचा वास हाय.” साहेब चमकले. त्यांनी मुंबईहून मागवलेली वाईन होती ती. मग दर शनिवारी ते नवी बाटली फोडायचे, थोडी टेस्ट ट्यूबमध्ये घालून माझ्या नाकाशी धरायचे. मी सांगायचे, चिंचेचा कोळ, भिजलेलं गोणपाट, वाळलं अंजीर. ते वहीत लिहून घ्यायचे.

रविवारी बंगल्यावर शौकीन जमायचे. साहेब, गावातले डॉक्टर आणि द्राक्षवाले बागायतदार अण्णा. सगळे दारूचं परमिट असलेले. आठवड्यात काय चाखलं, कसं लागलं, ते एकमेकांना वाचून दाखवायचे. ग्लास लॅबमधले, म्हणून त्यांची ने-आण करायला मी मागच्या ओट्यावर बसलेली असायचे. आतून माझं भिजलेलं गोणपाट ऐकू यायचं, साहेबांच्या आवाजात. डॉक्टर म्हणायचे, “काय नाक आहे हो तुमचं!” मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू? मूर्खासारखी खूश व्हायचे मी.

त्या रविवारी अण्णांनी आपल्या बागेतल्या द्राक्षांची पहिलीच वाईन आणली. बाटली तिथंच उघडली. “साहेब, आधी तुमी सांगा,” म्हणाले. साहेबांनी हुंगलं, घोट घेतला, छताकडे पाहिलं. वहीत काही नव्हतं. मग हसत म्हणाले, “गंमत दाखवतो. आमच्या बाटल्या धुणारीला विचारू.”

मी आत गेले, टेबलावरच्या रिकाम्या ग्लासाकडे हात नेला.

“अगं, ग्लासाला नको शिवू!” स्वयंपाकघराच्या दारातून साहेबांच्या बाईसाहेब ओरडल्या.

ते ग्लास शनिवारी मीच सोड्यानं धुऊन पुसले होते.

तेव्हा साहेबांनी ओंजळ धरायला सांगितलं. मी वाकून हुंगलं. वास लगेच कळला. पिंपात आधी मळी भरलेली होती, पिंप नीट धुतलेलं नव्हतं, वाईन आंबून शिरका व्हायच्या वाटेवर होती. सगळं जिभेवर आलं होतं. आणि मला चर्चमधला प्याला आठवला. प्रभुभोजनाला एकच प्याला फिरतो. महारवाड्यातले, मांगवाड्यातले, पाद्रीबाबा, सगळ्यांच्या ओठांना तोच. वाईनच असते त्यात. मग इथं माझ्या ओठांना काय झालं होतं? अंगाची लाही झाली. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझ्या हातांचा आला.

“सांग की गं,” अण्णा म्हणाले.

“ग्लासात द्या. मंग सांगते.”

कुणी हसलं नाही. साहेब दातओठ खात म्हणाले, “उद्यापासून कामावर यायचं नाही.”

“न्हाई येत. पन वहीतलं समदं माझं हाय. इचारा सायबांना.”

मी हात मोकळे सोडले. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर, अण्णांच्या धोतरावर वाईन उडाली. अण्णा साहेबांकडे बघत राहिले. विचारलं मात्र कुणीच नाही.

मंगळवारी आईशेजारी बसून खडी फोडली. संध्याकाळी घरी येईतो तळहात सोलून निघाले होते. कायम व्हायची नोकरी घालवली म्हणून आई रडली, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

खडीच्या कामावर टँकरचं पाणी वाटणारा म्हणाला, “ए, ओंजळ धर.”

मी घरून पितळी पेला नेला होता. तो पुढं केला. तो वाटणारा बघत राहिला, बडबडला. मागं बायांची रांग खोळंबली. पेला भरेपर्यंत मी हलले नाही.

वास मला अजून ओळखता येतात. ज्याला विचारायचं असेल त्यानं मला समोर खुर्ची द्यावी, हातात ग्लास द्यावा आणि खाली माझं नाव लिहावं. माझी ओंजळ आता कुणाला मिळणार नाही.