शेपटीचा लाल गोंडा

आता हे तुम्हाला सांगू नये असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. पण चहा उकळेपर्यंत गप्प बसणं मला जमत नाही, आणि तशीही ही गोष्ट माझ्याआधीच तालुकाभर फिरून आली आहे. निदान खरी काय ती ऐका.

मी चामोर्शीत शिकवतो आणि फावल्या वेळात पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी साहसकथा लिहितो. माझ्या नायकाचं नाव पट्टेवीर. अंगावर वाघाचे पट्टे, मागे शेपटी, एका उडीत वैनगंगा पार. त्याची खास शक्ती म्हणजे आसपास कुणी खोटं बोललं की त्याला शिंक येते. एका गोष्टीत तर प्रचारसभा ऐकून तो तीन दिवस शिंकत असतो. ही शक्ती मलाच सुचली, दुसऱ्या कुणाला नाही, एवढं लक्षात ठेवा.

जंगलाकडच्या एका गावातल्या शाळेनं मला गोष्ट सांगायला बोलावलं. म्हटलं, नुसतं काय जायचं, पट्टेवीर होऊनच जाऊ. आमच्या टेलरकडे कुणाच्या तरी सोफ्याचं उरलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं. त्याचा त्यानं अंगरखा शिवला, शेपटी शिवली आणि मी न सांगता टोकाला लाल गोंडा लावला.

"अरे, वाघाला गोंडा असतो का?"

"सर, बिना गोंड्याचं सुनं सुनं दिसते."

शेपटी मोटारसायकलच्या चाकात अडकेल म्हणून ड्रेस पिशवीत घेतला. सकाळी गावाच्या अलीकडे मोहाची झाडं लागली, तिथे गाडी उभी करून झुडपाआड ड्रेस चढवला. शेपटीची नाडी बांधायला वाकलो आणि चष्मा पाचोळ्यात पडला. चष्मा नसला की मला स्वतःचे हातही अंदाजानं ओळखावे लागतात. मग काय, गुडघे आणि हात टेकून चाचपडत फिरू लागलो.

चष्मा हाताला लागला, आणि त्याच क्षणी पलीकडून बायांचा ओरडा आला, "वाघ! पळ बाई, वाघ!"

आता मला सांगा, अशा वेळी कुठला माणूस स्वतःकडे बघतो? मी गाडीकडे धावलो. शेपटी पायात येत होती म्हणून ड्रेस ओरबाडून पिशवीत कोंबला, पाव तास किका मारल्यावर गाडी लागली आणि जो सुटलो तो शाळेच्या अंगणातच थांबलो.

बाया पायवाटेनं माझ्याआधीच पोचल्या होत्या आणि तिथे अख्खं गाव जमलेलं. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या ताराबाई रिकामी टोपली घेऊन धापा टाकत होत्या. जंगलखात्याचा गार्डही आला होता. व्हरांड्यात शाळाभर पोरं माझ्याकडे टक लावून बघत होती.

"गुरुजी, तुमी त्याच रस्त्यानं आले," गार्ड म्हणाला. "दिसला का?"

दिसलं काहीच नव्हतं. पण पट्टेवीर लिहिणाऱ्या माणसानं पोरांसमोर म्हणायचं काय, की मी पळालो?

"दिसला," मी म्हणालो.

"मंग तुमी काय केलं सर?" एका पोरानं विचारलं.

"उभा राहिलो. डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला."

पुढे बसलेल्या सातवीतल्या सुरेखाला शिंक आली. मला वाटलं, हवा बदलते आहे.

गार्डनं कागद काढला आणि ताराबाईंना वाघ कसा होता ते विचारलं.

"मरतुकडाच होता जी. पण शेपटीले लाल गोंडा होता."

गार्डचं पेन थांबलं. "वाघाले गोंडा?"

"मले काऊन विचारता? मी पाह्यलं ते सांगून राह्यली."

मी पिशवी हळूच पायामागे सरकवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. मरतुकडा हा शब्द मला जरा लागला होता, हेही एक कारण.

गार्डला गोंडा पटला नाही, पण वाघ पटला. ताराबाईंनी पाहिला, वर गुरुजींनीही पाहिला म्हटल्यावर तो तरी काय करणार? "आता कॅमेरे लावतो. आठ दिवस तिकडं कोणी जायचं नाई."

ताराबाई मटकन खाली बसल्या. "आठ दिवसानं झाडाखाली काय उरन, भाऊ? मोह आमच्यासाठी थांबते का? वर्षाचं तेल-मीठ त्याच्यावरच हाय."

गार्डनं कागद माझ्यापुढे धरला. "गुरुजी, पंचनाम्यावर सही करा. डोळ्यांनी पाह्यलं म्हणून."

मी पेन हातात घेतलं.

सुरेखा शिंकली. मग तिच्या शेजारची शिंकली. मग ओळीनं सगळा व्हरांडा शिंकू लागला, अगदी गंभीर तोंडानं. माझी पुस्तकं इतक्या मनापासून कुणी वाचली असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. एरवी छाती फुगली असती. पण समोर ती रिकामी टोपली होती, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पेन खाली ठेवलं आणि पिशवीतून शेपटी ओढली. आधी गोंडाच बाहेर आला. मग सगळं सांगितलं, पळालो तेही.

ताराबाईंनी गोंडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हाच जी," त्या म्हणाल्या.

गार्डनं पंचनामा फाडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की खऱ्या वाघानंही मान खाली घातली असती.

"अर्धी सकाळ खाल्ली तुमी आमची," ताराबाई उठत म्हणाल्या. "आता चला, वेचू लागा."

पोरांनी हट्ट धरला की ड्रेस घालूनच. मग मोहाखाली बसून गोष्ट झाली आणि वाकून वेचणंही झालं. कंबर पार गेली. एवढ्यात पलीकडच्या गावच्या बाया त्या वाटेनं आल्या. त्यातल्या एकीनं माझी पाठ पाहिली, टोपली टाकली आणि किंचाळली, "वाघ!"

ताराबाईंनी मानही वर केली नाही.

"काई नाई वो बाई, आमचे गुरुजी हाय. ओरडू नोको, पळून जातेत ते."

या वेळी मात्र एकही पोर शिंकलं नाही.