तोबियाच्या आईचं म्हणणं

१९७८च्या नोव्हेंबरात मी नायगावजवळचं आमचं गाव सोडून बहरीनला गेलो. तिथल्या एका इंग्रजी दैनिकात प्रूफरीडरची नोकरी मिळाली होती. बाबांनीच जा म्हटलं होतं. बाबा गाडीपर्यंत आले. आई ओट्यावरच थांबली. तिथूनच तिनं बाबांना विचारलं, "आहे त्यात भागत नव्हतं का?" त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

हे मला तीन महिन्यांनी बाबांच्या पत्रातून कळलं. "ताट वाढते, तोंड उघडत नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे एक काम होतं. फादरांनी प्रवचनात तोबियाची गोष्ट सांगितली होती: आंधळा बाप मुलाला परमुलखात पाठवतो आणि आई रडून नवऱ्याला जाब विचारते. "ती नेमकं काय म्हणते ते मराठीत लिहून पाठव. आईला वाचून दाखवायचं आहे. घरातल्या मराठी बायबलात हे पुस्तकच नाही."

माझ्या खोलीतल्या जॉर्जच्या इंग्रजी बायबलातही ते नव्हतं. ते प्रोटेस्टंटांचं होतं. कॅथलिक बायबलात सात पुस्तकं जास्त असतात. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्साच्या उपासनेनंतर चर्चच्या स्टॉलवर दोन कॅथलिक बायबलं दिसली. एक जुनं, लॅटिनवरून केलेलं, भारदस्त इंग्रजीतलं. दुसरं नवं, मूळ भाषांवरून केलेलं, खाली बारीक टाइपात टिपा. दोन्हींवर बिशपांची परवानगी छापलेली होती. एकाच बातमीच्या, दोन वृत्तसंस्थांकडून आलेल्या तारा ताडून पाहाव्यात तशी मी ती शेजारी ठेवून वाचली. तीन शुक्रवार लागले.

"अरे, प्रार्थना करायची आहे की चुका काढायच्या आहेत?" जॉर्जनं विचारलं.

जुन्या भाषांतरात आई म्हणते, मुलगा डोळ्यांसमोर होता तोवर गरिबीही श्रीमंतीच होती. नव्यात हे वाक्य नाही. तिथं एवढंच आहे की देवानं दिलं तेवढं पुरेसं होतं. या जागी जुने हस्तलेख आपसात जुळत नाहीत, असं टीप सांगत होती. नवं जास्त भरवशाचं वाटलं. मी तेच विकत घेतलं. त्यातला उतारा पुरा मराठीत केला. जुन्यातलं वाक्य, कुठलं ते नोंदवून, खाली तळटिपेत दिलं. मुलगा सुखरूप परत येईल, हे बापाचं उत्तर गाळलं नाही आणि वाढवलंही नाही.

बाबांचं पुढचं पत्र एप्रिलात आलं. "तुझी तळटीप वाचत होतो. ती म्हणाली, 'थांबा. ते परत वाचा.' दोनदा वाचलं. मग विचारलं, 'त्या बाईचा मुलगा आला का परत?' म्हटलं, आला. तर म्हणते, 'मग तुमच्या लेकाला लिहा, तारीख कळव म्हणावं.'"

आखातात गेलेल्या आमच्यापैकी बहुतेकांकडे तेव्हा परतीची तारीख नव्हती. मी संपादकांकडून रजा लेखी मंजूर करून घेतली आणि मगच कळवलं.

आमच्या घराच्या आणि वाडीच्या जागी आता चार मजली इमारत आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आधी गावाचं नाव सांगतो, मग बहरीनचं.

पहिली रजा १९८०च्या नोव्हेंबरात मिळाली. सांताक्रूझ विमानतळाबाहेर दोघं उभे होते. आई बाबांना काहीतरी सांगत होती.