कागदावर नसलेले वाक्य

ते वाक्य कागदावर नव्हते. वीस वर्षे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो, की जे लिहिले होते तेच मी वाचले. ते खोटे आहे. ते वाक्य मी जोडले.

एरंडोलला एकट्या बायकांना शिलाई मशीन देण्याचा कार्यक्रम होता. मी तिथे शिक्षक. आवाज बरा, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे. सुमनबाईंच्या नावापुढे एवढेच लिहिले होते : पती घरी नाही. देणगीदार शेठ घड्याळ पाहत होते. सभागृह थंड. मग मी माईकवर म्हणालो, "हिचा नवरा चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे."

सभागृह हळहळले. शेठने मान वर केली. अर्ज भरताना, खालच्या आवाजात, सुमनबाईंनी ही गोष्ट फक्त मला सांगितली होती.

सुमनबाई मशीनपर्यंत गेल्याच नाहीत. माझ्यासमोर थांबल्या. "मी तुमले सांगं व्हतं, गुरुजी. गावले नही." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती पुन्हा शाळेत आली नाही. हजेरी घेताना मी महिनाभर तिचे नाव पुकारत राहिलो.

मला हे कळायला हवे होते. दहावीनंतर जळगावात मीही असाच व्यासपीठावर उभा होतो. एका शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाला, "याच्या बापाला गावात अजून वरून पाणी वाढतात. आणि हा पाहा, इंग्रजी वाचतो!" टाळ्या पडल्या. बाप मागे उभा होता, खुर्च्या रिकाम्या असून. त्याची मान खाली गेली. मी हसलो, हात जोडले. माईक ज्याच्या हाती त्याची मान खाली जात नाही, एवढेच त्या दिवशी शिकलो.

गेल्या महिन्यात धुळ्यातले माझे स्नेही, कापडाचे व्यापारी नाना, घरी आले. "सर, बठ्ठं ठरेल शे, सगळं पक्कं. नवी संस्था, अध्यक्ष तुम्ही. सही तेवढी बाकी."

विचार करतो, म्हणालो. विचाराला कुणी थांबले नाही. रविवारी नानांनी बोलावले म्हणून धुळ्याच्या सभागृहात गेलो तर फलकावर माझे नाव छापून तयार. व्यासपीठावर हार घातलेली तीन मशीन. पहिल्या रांगेत पदर कपाळापर्यंत ओढलेल्या तीन बायका. शेजारी पाहुण्या म्हणून बोलावलेल्या, एरंडोलला शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई.

सुमनबाई. मला पाहूनही त्या उठून गेल्या नव्हत्या. मी काय करतो, ते पाहत होत्या.

नानांनी कागद हातात दिला. तीन नावे, प्रत्येकीपुढे चार ओळी. "थोडा मीठमसाला लावा सर. एरंडोलला रडवलं होतं ना, तसं!"

माईक घरघरला. पहिली बाई पदराचा काठ बोटाभोवती आवळू लागली. बोट पांढरे पडले.

मी कागद फाडला. "नाना, मी सही करणार नाही. माझ्या नावाने ही संस्था निघणार नाही. मशीन द्यायची तर यांच्या घरी पोहोचवा. फोटो नाही, गोष्ट नाही."

"डोकं फिरलं का सर? देणगीदार गाडीतून उतरताहेत!"

"उतरू द्या."

क्षणभर वाटले, कबुली माईकवरच द्यावी. पण तिथेही टाळ्याच पडल्या असत्या, आणि गोष्ट पुन्हा सुमनबाईंचीच उघडी पडली असती. माईक बंद केला. पायऱ्या उतरलो. त्यांच्यासमोर जाऊन थांबलो.

"सुमनबाई, ते वाक्य कागदावर नव्हतं. मी जोडलं. तुमच्या मुलीची शाळा माझ्या तोंडामुळे सुटली. मी तुमची माफी मागतो."