बेचाळीस नंबरचा ठेका

"म्हणजे तुमच्या मते हे रेकॉर्डिंग चोरलेलं आहे?" मी विचारलं.

"माझ्या मते नाही, मॅडम. सॉफ्टवेअरच्या मते," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले तज्ज्ञ शांतपणे म्हणाले.

माझा अशील विलास, लालबागचा बँजोवादक. एका पारंपरिक चालीचा ट्रॅक त्याने स्वतः वाजवून काढला होता. चालीवर कुणाचा हक्क नव्हता, पण रेकॉर्डिंगवर असतो. 'विलासने आमचंच रेकॉर्डिंग उचललं,' असं म्हणत एका म्युझिक कंपनीने कोर्टातून मनाई आणली होती. गणपती तोंडावर आणि त्याची बँजो पार्टी घरी बसलेली.

सुनावणीआधी कंपनीच्या तज्ज्ञांचा अहवाल वाचून मला प्रश्न पडला होता. विलास खोटं बोलत नसेल, तर मशीनला नक्की काय सारखं दिसलं? गिरगावच्या माझ्या ऑफिसात मी त्याला कीबोर्ड घेऊन बोलावलं.

"बँजो माझा हाय मॅडम. ठेका तेवढा ह्यातला." त्याने बटण दाबलं. कीबोर्डमधला तयार ताल सुरू झाला.

"अरे, हा तर कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्येही आहे!"

"असणारच. लालबाग-परळात निम्म्या पार्ट्यांकडं ह्योच कीबोर्ड."

तोच ठेका लावून मी एका बोटाने सारेगम वाजवलं. बेसूर. विलासने मान खाली घातली. ते आम्ही पेन ड्राइव्हवर घेतलं, एक प्रत विरुद्ध बाजूलाही दिली.

आता कोर्टात मी विचारलं, "ठेका वगळून तुलना केलीत?"

"तशी गरज वाटली नाही."

"मग हा तिसरा नमुना तपासाल?"

कंपनीचे वकील ताडकन उठले. जजसाहेब म्हणाले, "बसा. मलाही बघायचंय."

ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, असं आम्हाला शिकवतात. ते सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. उत्तर उलट आलं असतं, तर विलासचा सीझन माझ्या हाताने बुडला असता. तो मागच्या बाकावर बोटं मोडत बसला होता.

तज्ज्ञांनी लॅपटॉप चालवला, स्क्रीन पाहिली, पुन्हा चालवला.

"काय म्हणतंय?" जजसाहेबांनी विचारलं.

"हेही... तेच रेकॉर्डिंग आहे म्हणतंय."

"हे कुणी वाजवलंय?"

"मी, साहेब," मी म्हटलं. जजसाहेबांना हसू आवरेना.

मनाई उठली. बाहेर तज्ज्ञ विलासला गाठून विचारत होते, "तो ठेका कितव्या नंबरवर असतो हो?"

"बेचाळीस, सर."

त्यांनी डायरीत लिहून घेतलं. माणूस खोटा नव्हता. त्याने फक्त मशीनला विचारलं होतं, वाजवणाऱ्याला नाही.

खटला अजून चालू आहे. कंपनीने नवे तज्ज्ञ आणलेत. त्यांचा अहवाल जाडजूड आहे. तो किती पानांचा आहे हे मी बघत नाही. त्यांनी काय तपासलं नाही, ते आधी शोधते.