ड्रम म्हणजे रिकामा

मित्रमैत्रिणींनो, याच ई-मेल गटात मी तोऱ्यात लिहिलं होतं, की तळोज्यातल्या आमच्या कारखान्याचं स्टोअर मी कॉम्प्युटरवर आणलं.

आज कॉम्प्युटर चाळीस ड्रम केमिकल शिल्लक दाखवत होता आणि स्टोअरमध्ये थेंबही नव्हता. काम थांबलं. रोजंदारीच्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं.

साहेब स्टोअरकीपर म्हात्रेकाकांवर ओरडले, "वहीत काहीही लिहिता?"

नंतर काका हळूच मला म्हणाले, "बाय, ड्रम म्हंजे रिकामा. भरल्याला आमी माल म्हनतो. इचारायचंस तरी."

त्यांच्या वहीतले आकडे मीच न विचारता कॉम्प्युटरमध्ये भरले होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट ना मी!

उद्या साहेबांना खरं सांगणार आहे. पण काका माझ्यासमोर बोलणी खात होते, तेव्हा माझं तोंड का उघडलं नाही? तुमचं उघडलं असतं?