मामांचा कोरा चेहरा

पत्ते खेळण्यासाठी बसणारी माणसे गावोगाव सापडतील. परंतु पत्ते खाली ठेवण्यासाठी बसणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. बोईसरच्या शाळेत मी शिकवीत असे तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या आगेमागेची ही हकीकत. रविवारी मी पत्नीसह जवळच्याच माहीमला त्यांच्या वाडीत जाई. जेवणे झाली की ओटीवर सतरंजी पडे, सातपाटीचे एक वयस्क तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, सायकलवरून येत, मामी हात पुसत बसत आणि तीनपत्तीचा डाव सुरू होई. पैसे लावायला मामींची सक्त मनाई असल्यामुळे प्रत्येकापुढे वाडीतल्याच सुपाऱ्यांचा ढीग असे. मामा आपली पाने उचलत, वीतभर अंतरावर धरून न्याहाळत आणि बहुतेक वेळा उलटी करून ठेवून देत. मग अत्यंत समाधानाने अडकित्ता हाती घेत. "मामा, खेळायला बसलात की सुपारी कातरायला?" असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "मास्तर, हाती आलेलं प्रत्येक पान खेळलंच पायजे असा काय कायदा नाय. तुमी वर्गात सगळ्याच पोरांना उभं करता काय? ज्याला येतंय त्यालाच करता ना?" मी ज्यांना येत नाही त्यांनाच उभे करतो, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यांचे दुसरे तत्त्व असे की, शक्यतो सर्वांच्या शेवटी बोलावे. आधीच्यांच्या चाली पाहिल्या म्हणजे आपली निम्मी चूक टळते. हे तत्त्व त्यांनी पत्त्यांपुरते ठेवले नव्हते. गावच्या सभेत ते सर्वांची भाषणे संपेपर्यंत खांबाला टेकून बसत. लग्नाच्या पंगतीतही ते शेवटच्या पानावर बसत, म्हणजे कोणत्या पदार्थाला लोक दुसऱ्यांदा हात पुढे करतात ते आधीच कळे. एकदा त्यांच्यापर्यंत येता येता जिलबी संपली; तेव्हा त्यांनी तत्त्वाला दोष न देता वाढप्याला दिला.

थाप मारण्याविषयी त्यांचे मत मला आजही बिनचूक वाटते. थाप क्वचित मारावी, आणि मारायची तर विचार करणाऱ्यालाच मारावी. तांडेल विचारी होते; मामांनी मुकाट्याने मूठभर सुपाऱ्या पुढे सारल्या की ते कपाळ चोळत आणि बरी पानेसुद्धा टाकून देत. मामींपुढे मात्र ही विद्या चालत नसे. त्यांनी हातातली पाने म्हणून कधी टाकली नाहीत. शेवटी दोघेच उरले की त्या शांतपणे म्हणत, "दाखवा बघू."

"हिच्याशी खोटं बोलून फायदा नाय, मास्तर," मामा म्हणत. "ज्याला पानं टाकता येतात, त्यालाच थाप मारावी."

"इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून एक पचली नाय यांची," मामी म्हणत.

"म्हणून तर संसार टिकला," तांडेल पुस्ती जोडत.

परंतु मामांची खरी साधना चेहऱ्याची होती. वाईट पाने आली तर चेहरा कोरा ठेवणे सोपे असते. उत्तम पाने आली असता तो कोरा ठेवणे, यात खरा कस लागतो, असे ते सांगत. सराव इतका झाला होता की आनंदाची कोणतीही गोष्ट कानी पडताच त्यांचा चेहरा आपोआप पुसल्यासारखा होई. मला बढती मिळाल्याचे सांगितले तेव्हा ते रेडिओवरचे बाजारभाव ऐकावेत तसे ऐकत राहिले. तांडेल म्हणाले, "यांचं तोंड म्हणजे धुक्यातला दर्या, मास्तर. खडक कुठं हाय ते होडी आपटल्यावरच कळतं."

होडी आपटायची वेळ मामांच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आली. बोईसरच्या एका कारखान्यातला फोरमन तिच्या मनात भरला होता. हे तिने फक्त माझ्या पत्नीला सांगितले होते, म्हणजे आम्हा सर्वांना ठाऊक होते. मुलाला घेऊन त्याचे आईवडील डहाणूहून आले. मुलगा नम्र, निर्व्यसनी, शिवाय चिकूच्या कलमांविषयी जाणकारीने बोलणारा. त्याचे वडील सरळ म्हणाले, "आम्हाला देणंघेणं काही नको. मुलगी पसंत आहे. तुमचं काय ते सांगा."

इतकी उत्तम पाने मामांना जन्मात आली नव्हती. त्यांचा चेहरा तत्काळ कोरा झाला. ते म्हणाले, "बरं. बघू."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

"बघू," मामा म्हणाले.

पाहुण्यांनी आपल्या पत्नीकडे पाहिले आणि टोपी उचलली. "आमचा काही आग्रह नाही. येतो आम्ही." ते पायरीवर जाऊन वहाणा शोधू लागले. दारात मुलगी पोह्यांच्या रिकाम्या बश्या घेऊन उभी होती. तिने चेहऱ्याची कसलीच साधना केली नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते निघाले."

मामांनी तिच्याकडे पाहिले. मग अनवाणी खाली उतरून त्यांनी पाहुण्यांच्या पायाजवळची वहाण उचलली आणि काखेत धरली. "थांबा हो. मुलगा मला इतका पसंत हाय की बोलायलाच सुचंना. माझ्या तोंडावर जाऊ नका, ते पत्त्यांसाठी ठेवलेलं हाय."

पाहुण्यांना काहीच उमगेना. तेव्हा मी एका पायात वहाण घातलेल्या त्या गृहस्थांना तीनपत्तीची मूलतत्त्वे क्रमाने समजावून दिली. ते लक्षपूर्वक ऐकून म्हणाले, "मग सोयरीक करतो. पण पत्त्यांना बोलवू नका."

वैशाखात वाडीतच लग्न झाले. पाठवणीच्या वेळी मुलीने सर्वांच्या गळ्यात पडून रडून घेतले. मामांच्या पाया पडून वर पाहिले, तर त्यांचा चेहरा स्वच्छ कोरा. वऱ्हाडातल्या दोघी बायका कुजबुजल्या, "बाप कठीण दिसतो." नवराबायकोची जीप सुरूच्या बनामागे दिसेनाशी झाली तरी मामा फाटकाशी तसेच उभे होते. वऱ्हाडाच्या बसमध्ये चढता चढता व्याही परत फिरले. मामांजवळ येऊन त्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इतकेच म्हणाले, "कळलं हो मला."

बसचा भोंगा दोनदा वाजला. व्याह्यांनी हात सोडला नाही.